आजोबांनी बांधलेली इमारत आणि राहून गेलेलं कन्व्हेयन्स: एका घरच्या फर्मचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरचं आहे. माणसांची नावं, इमारतीचं नाव, गल्ली यातलं काहीच लिहीत नाहीये, बाकी घडलं तसं. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं, राहून गेल्यामुळे पुण्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्या आज याच जागी अडकून बसल्यात, आणि प्रत्येक अडकलेल्या सोसायटीच्या पलीकडे आमच्यासारखं एखादं बिल्डरचं घर असतं. त्या घरात काय बोलणी होतात ते सहसा बाहेर येत नाही, म्हणून लिहायला बसले.

पार्श्वभूमी

आजोबा सातारा जिल्ह्यातले. ओव्हरसियरचा कोर्स करून पुण्यात आले आणि एका कंत्राटदाराकडे साइट बघायला लागले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींचे वाडे भिजून बसले. लाकडी खांब-तुळया जागेवर आणि मधली भिंत गायब, असं चित्र गल्लोगल्ली होतं असं ते सांगायचे. आजोबांनी नोकरी सोडली ती त्या वर्षी. गाळ उपसायचा, टेकू द्यायचे, जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं आणि बाकीचं विटा-चुन्यात परत उभं करायचं, अशी कामं दोन-तीन वर्षं केली आणि त्यातूनच फर्म उभी राहिली, भांडवल म्हणून फक्त लोकांचा विश्वास होता, कारण पुरात सगळं गेलेल्या माणसाकडून आजोबांनी आगाऊ पैसे मागितले नाहीत हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं.

पुढे ओनरशिप फ्लॅटचे दिवस आले. थोरले काका डिप्लोमा करून साइटवर उभे राहिले, बाबा आर्किटेक्ट झाले. १९७२ च्या कायद्यानंतर आर्किटेक्ट ही पदवी नोंदणी झालेल्यालाच लावता येते, तशी बाबांची नोंदणी झाली. पण ऑफिस एकच, टेबलं शेजारी शेजारी, लेटरहेडसुद्धा एकच. नकाशा बाबा काढायचे, इमारत काका बांधायचे आणि शेवटचा शब्द आजोबांचा. गिऱ्हाइकाला हे फार सोयीचं वाटायचं, एकाच ठिकाणी सगळं. आम्हालाही सोयीचंच होतं, पण त्या सोयीत एक गोष्ट लपली होती: चूक कोणाची हे कधी ठरवावंच लागलं नाही. आजोबा ओरडायचे, दोघं गप्प बसायचे, दुसऱ्या दिवशी काम चालू.

ज्या इमारतीची ही गोष्ट ती एरंडवण्याच्या बाजूची, तळमजला आणि वर तीन मजले, १६ फ्लॅट. जागा १९७४ मध्ये आजोबांनी आणि त्यांच्या एका मित्राने भागीदारीत घेतली, बांधकाम १९७६-७७ चं, सोसायटी नोंदली गेली १९७९ मध्ये. मोफा म्हणजे फ्लॅट मालकीचा १९६३ चा कायदा, त्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते, यालाच कन्व्हेयन्स म्हणतात. ते झालं नाही. चार महिन्यांत नाही, चार वर्षांत नाही, आजोबा १९९८ मध्ये गेले तोवरही नाही.

का नाही झालं, याची घरात तीन उत्तरं आहेत आणि मला वाटतं तिन्ही खरी आहेत. पहिलं, फेब्रुवारी १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा (यूएलसी) आला, पुण्यात मर्यादा १००० चौरस मीटरची आणि आमचा प्लॉट त्याहून मोठा, त्यामुळे हस्तांतर करायला जावं तर यूएलसीच्या ऑफिसात फाइल अडकेल ही भीती होती. दुसरं, सोसायटीतल्या कोणी नेटाने मागितलंच नाही, लोकांना आपल्या फ्लॅटचा करार हातात आला की सगळं मिळालं असं वाटायचं, खाली जमीन कोणाच्या नावावर आहे हे कोण बघतंय. तिसरं उत्तर काकांनी फार उशिरा, एका रात्री स्वतःच सांगितलं: प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात थोडी जागा शिल्लक होती आणि पुढे कधी एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, वाढला तर तिथे एक छोटी विंग चढवता येईल असं आजोबांच्या मनात होतं. हे ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पुरात आगाऊ पैसे न मागणारे आजोबा आणि कोपऱ्यावर डोळा ठेवणारे आजोबा ही एकच व्यक्ती आहे हे पचवायला मला वेळ लागला.

प्रश्न कसा समोर आला

२०१६ च्या पावसाळ्यात जिन्यातल्या लँडिंगच्या खालचा गिलाव्याचा मोठा पोपडा पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. आत सळया दिसायला लागल्या, गंजून फुगलेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई, त्या मूळ सभासद, १९७७ मध्ये नवऱ्याबरोबर राहायला आलेल्या. त्यांनी ऑफिसला फोन केला, तो मी घेतला. मीही बाबांसारखी आर्किटेक्ट.

"अगं, तुझ्या आजोबांनी बांधलीये ना ही इमारत, मग तूच येऊन बघ की."

मी गेले. आणि इथे माझी पहिली चूक झाली ती पुढे सांगते.

सोसायटीने रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी व्हायला हवं, यांचं एकदाही झालं नव्हतं. रिपोर्टमध्ये जे आलं ते त्या काळच्या बांधकामात नेहमी दिसतं: हाताने कालवलेलं काँक्रीट, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कुठे कुठे जेमतेम १० मिलीमीटर, इतक्या वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड आतपर्यंत पोचलेला, त्यामुळे काँक्रीटमधला जो अल्कधर्मी गुण सळईला जपतो तो संपलेला आणि गंज सुरू. गंजली की सळई फुगते, फुगली की वरचं काँक्रीट फोडते, मग पाणी आणखी आत जातं. इंजिनियरांचं म्हणणं असं की चांगली दुरुस्ती केली तर आठ-दहा वर्षं निघतील, त्यापुढची खात्री नाही.

सभासदांनी हिशोब केला, दुरुस्तीचा खर्च घरटी बराच येत होता, निम्मे लोक सत्तरीचे आणि लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंट करायचं ठरलं. आणि मग कोणीतरी मालमत्ता पत्रक काढून आणलं. त्यावर जमीन अजून आजोबा आणि त्यांच्या मित्राच्या भागीदारीच्या नावे. दोघंही हयात नाहीत, भागीदारी कधीच संपलेली.

२०१६ च्या दिवाळीनंतर सोसायटीचं पत्र आलं: कन्व्हेयन्स करून द्या.

घरात काय पर्याय बोलले गेले

पत्र आलं त्या रविवारी सगळे काकांकडे जमलो. बाबा, काका, चुलतभाऊ (तो तेव्हा बांधकामाचा सगळा व्यवहार बघायचा), आत्या आणि मी. वकिलांशी आधी फोनवर बोलणं झालं होतं. त्या बैठकीत चार पर्याय निघाले असं आज मी म्हणते, पण तेव्हा ते असे सुटे सुटे नव्हते, सगळे एकमेकांत गुंतलेले आणि मधे मधे चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी.

काकांचं म्हणणं सरळ होतं. जमीन आपल्या नावावर आहे, एवढी वर्षं धंद्यात काढून हातात हा एकच हुकमाचा पत्ता आहे. सोसायटीला सांगायचं, रीडेव्हलपमेंटचं काम आम्हाला द्या, कन्व्हेयन्स त्यातच होऊन जाईल. यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं आणि त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. नोटाबंदी नुकतीच झाली होती, बुकिंग थंड पडलं होतं, रेरा हा बिल्डरांवरचा नवा कायदा येऊ घातला होता आणि ७० टक्के पैसा प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा म्हणजे एका साइटचा पैसा दुसऱ्या साइटवर फिरवायची जी जुनी पद्धत ती बंद होणार होती. चुलतभावाला पगार द्यायची पंचाईत होती. त्याच्या दोन मुलांच्या फिया भरायच्या होत्या. हे काम मिळालं असतं तर तीन वर्षं सुखात गेली असती.

दुसरा पर्याय कोणी मोठ्याने बोललं नाही, पण तो टेबलावर होता: काहीच करायचं नाही. पत्राला मोघम उत्तर द्यायचं. सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स मागता येतं, २००८ च्या दुरुस्तीने तो रस्ता उघडलाय, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा आणि बिल्डर आला नाही तरी ते सोसायटीच्या बाजूने आदेश देऊ शकतात. मग करू दे त्यांना. आपण वाकडं वागलो नाही, सरळही वागलो नाही.

तिसरा बाबांचा. कन्व्हेयन्स ताबडतोब, एक पैसा न घेता, आणि त्या इमारतीचं पुढचं कुठलंच काम आपण करायचं नाही. ना आर्किटेक्ट म्हणून, ना बिल्डर म्हणून.

चौथा चुलतभावाने काढला, मधला मार्ग. कन्व्हेयन्स देऊया, पण मग सोसायटी टेंडर काढेल तेव्हा बाकीच्यांसारखं आपणही भरूया. मिळालं तर मिळालं.

मला त्या दिवशी चौथा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटला होता, आज नाही वाटत. कारण एक तर मी आधीच त्या इमारतीत जाऊन "आर्किटेक्ट" म्हणून मत देऊन आले होते. शिवाय सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत (तेव्हा ३ जानेवारी २००९ ची लागू होती) त्यात सोसायटीने स्वतःचा सल्लागार आधी नेमायचा, त्याने रिपोर्ट द्यायचा, मग टेंडर, आणि सगळं सभेसमोर, अशी रचना आहे. ही रचना एवढ्यासाठी केलीय की सल्ला देणारा आणि काम घेणारा एक नसावा. आमच्या घरात हे दोघं एकाच टेबलावर जेवत होते. आम्ही टेंडर भरलं असतं तर सभासदांना कायम वाटत राहिलं असतं की कन्व्हेयन्स दिलं ते यासाठीच.

आत्या सगळ्यात शेवटी बोलली. ती धंद्यात कधीच नव्हती, तिला फक्त सही करायला बोलावलं होतं. ती म्हणाली (अण्णा म्हणजे आजोबा), "अण्णांनी त्या सोळा घरांकडून जमिनीचे पैसे घेतले होते का नाही? घेतले ना? मग ती जमीन आपली कशी?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. काका उठून आत गेले.

निर्णयाला वळण कशाने मिळालं

खरं सांगायचं तर आत्याच्या बोलण्याने निर्णय झाला नाही, त्याला आणखी चार महिने लागले, आणि मधे एक वाईट गोष्ट घडली. काकांनी वकिलाकरवी सोसायटीला उत्तर पाठवलं. त्यात "आमचे सर्व हक्क अबाधित राखून" वगैरे भाषा होती. वकिलाच्या दृष्टीने ती नेहमीची ओळ, पण सेक्रेटरी बाईंनी ते पत्र सभेत वाचून दाखवलं आणि एका दिवसात आम्ही "आपले जुने बिल्डर" होतो ते "विरुद्ध पक्ष" झालो. बाबांना रस्त्यात ओळखीचे लोक टाळायला लागले.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या वकिलांना विचारलं. त्यांनी मोफाचं कलम १३ समोर ठेवलं: योग्य कारण नसताना प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, कन्व्हेयन्स दिलं नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आजोबा नाहीत, वारसांवर ते किती लागू होईल हा वेगळा वाद, पण त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. यूएलसी कायदा महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ ला रद्द झाला, मग त्यानंतरच्या नऊ वर्षांचं तुमचं कारण काय? काकांनी तो प्रश्न ऐकला आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मी पहिल्यांदा बघितलं, कारण आजोबांसमोर सोडून ते कोणासमोर गप्प बसत नसत.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे पेटी.

कन्व्हेयन्सला मंजूर नकाशा लागतो, तो महापालिकेच्या रेकॉर्डला सापडेना. बाबा म्हणाले माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी आहे. मी आणि चुलतभाऊ दोघं मिळून ती खाली घेतली. वर नेप्थलीनच्या गोळ्या, खाली मस्टर, मापाची पुस्तकं, सिमेंटच्या परमिटच्या पावत्या आणि तळाशी गुंडाळून ठेवलेले कापडी ट्रेसिंग. ते उलगडलं तर शाई अजून काळीभोर, कोपऱ्यात महापालिकेचा शिक्का असलेली अमोनिया प्रिंट घडी घालून ठेवलेली, घडीवर पिवळी पडून फाटलेली पण वाचता येत होती. भोगवटा पत्रसुद्धा, म्हणजे इमारत राहायला वापरायची महापालिकेची परवानगी, त्यातच.

पेटीत एक वही होती, त्या इमारतीची. रोज किती गवंडी, किती बिगारी, किती पोती. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या पानावर निम्म्या स्लॅबनंतर रेघ मारलेली, पुढे "सिमेंट नाही" आणि मग थेट नऊ दिवसांनंतरची तारीख. सिमेंट तेव्हा परमिटवर होतं, नियंत्रण अंशतः उठलं ते १९८२ मध्ये, त्याआधी पोती मिळेपर्यंत साइट थांबायची. म्हणजे तिसऱ्या मजल्याचा स्लॅब दोन तुकड्यांत भरला होता आणि मधे सांधा राहिला होता. चुलतभावाने नकाशावर बोट ठेवलं. रेघ जिथे होती तिथेच, त्याच खोल्यांच्या छतातून, इतकी वर्षं दर पावसाळ्यात पाणी येत होतं. सभासद वॉटरप्रूफिंग करून करून दमले होते आणि कारण आमच्या माळ्यावर पडून होतं. आम्ही दोघं बराच वेळ तिथेच फरशीवर बसून राहिलो.

चुलतभाऊ ती वही घेऊन काकांकडे गेला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, "कागद तयार करा."

केलेली कामं

ठरलं ते बाबांचं: कन्व्हेयन्स द्यायचं आणि पुढचं काम घ्यायचं नाही. ठरवणं एका फोनवर झालं, करायला मात्र जवळजवळ दोन वर्षं लागली, आणि याचा अंदाज आमच्यापैकी कोणालाच नव्हता.

आजोबांच्या बाजूने तीन सह्या, काका, बाबा, आत्या. त्या झाल्या. मित्राच्या बाजूने तीन वारस. त्यांच्या पत्नी पुण्यातच, नव्वदीच्या जवळ, त्यांनी लगेच होकार दिला, "ह्यांच्या मनाला ते लागून होतं" म्हणाल्या. मुलगी अमेरिकेत, तिचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन, इथे स्टॅम्पच्या ऑफिसात जाऊन, असं करत तीन महिने. मुलगा बडोद्याला, आणि तो अडला. त्याचं म्हणणं, रीडेव्हलपमेंटमध्ये कोट्यवधी निघणार, आमच्या वाट्याचं काय? बाबा दोनदा बडोद्याला जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्याने दार उघडून आत घेतलं, चहा दिला, आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं.

इथे पुन्हा एक निर्णयाची जागा आली. काकांनी सुचवलं की आपण सगळ्यांनी मिळून त्याला थोडी रक्कम देऊन टाकू. सोसायटीचे काही जण वर्गणी काढायलाही तयार होते. मी विरोध केला, बाबांनीही, कारण ज्या गोष्टीसाठी सभासदांनी १९७७ मध्ये पैसे भरलेत तिच्यासाठी पुन्हा कोणी पैसे द्यायचे हेच चूक होतं आणि एकदा आकडा बोलला की तो वाढतो. शेवटी वकिलांनी मार्ग काढला: सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा आणि आम्ही पाच वारसांनी उपनिबंधकांसमोर लेखी द्यावं की आमची हरकत नाही. म्हणजे जो रस्ता काही न करण्याचा म्हणून पहिल्या बैठकीत निघाला होता तोच आम्ही घेतला, फक्त विरुद्ध बाजूने न बसता सोसायटीच्या बाजूने बसून.

कागद आम्ही पुरवले. नकाशा, भोगवटा पत्र, भागीदारीचा करार, आजोबांच्या आणि मित्राच्या मृत्यूचे दाखले. जागेच्या क्षेत्रफळाचा आर्किटेक्टचा दाखला मात्र सोसायटीने बाहेरच्या आर्किटेक्टकडून घेतला, तो बाबांनी द्यायचा नाही हे आम्हीच सांगितलं. बरेच फ्लॅट दोनदा-तीनदा विकले गेलेले, मूळ करार १९८५ च्या आधीचे, म्हणजे फ्लॅटच्या करारावर पूर्ण मुद्रांक लागायच्या आधीचे, त्यामुळे स्टॅम्प ड्युटी ठरवून घेण्यात आणखी वेळ गेला. सुनावण्या तीन झाल्या. बडोद्याच्या वारसाने वकील पाठवून हरकत घेतली, पण जमिनीचे पैसे मिळाले नाहीत असा कुठलाच कागद त्याच्याकडे नव्हता. २०१८ च्या अखेरीला आदेश आला आणि २०१९ च्या मार्चमध्ये दस्त नोंदला गेला.

त्याच काळात फर्मही वेगळी केली. आर्किटेक्टचं ऑफिस बाबांचं आणि माझं, बांधकाम काकांचं आणि चुलतभावाचं. जागा वेगळ्या, हिशोब वेगळे, लेटरहेड वेगळं. एकाच कामात दोन्ही बाजू असतील तर गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत लेखी सांगायचं, आणि सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमध्ये दोघांपैकी एकानेच उतरायचं.

काय निष्पन्न झालं

सोसायटीने नवा सल्लागार नेमला, टेंडर काढलं, वेगळ्याच विकसकाची निवड झाली. मधे कोविडमध्ये दीड वर्ष गेलं. काम २०२१ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये लोक नव्या घरात गेले. इमारत पाडायच्या आधी सेक्रेटरी बाईंनी आम्हाला बोलावलं होतं, जिन्याच्या कठड्याची घडीव लोखंडाची एक पट्टी काढून ठेवली होती, बाबांच्या नकाशातलीच. ती आता ऑफिसात आहे. बाई नव्या घरात जाऊ शकल्या नाहीत, त्या आधीच गेल्या. आम्ही दोन वर्षं लवकर केलं असतं तर गेल्या असत्या, हा हिशोब मला अजून सुटत नाही.

पैशाच्या बाजूने बघितलं तर काकांकडे नुकसान झालं. ते काम हातातून गेलं आणि पुढची दोन वर्षं चुलतभावाने दुसऱ्यांच्या साइटवर लेबर कंत्राट घेऊन काढली. काका दोन वर्षं गणपतीला आमच्याकडे आले नाहीत. तिसऱ्या वर्षी आले, आरतीला उभे राहिले, त्यावर कोणी काही बोललं नाही.

एक चांगलं असं झालं की पेटी उघडल्यावर आम्ही आजोबांच्या सगळ्या इमारतींची यादी केली. ११ निघाल्या, त्यातल्या चार इमारतींचं कन्व्हेयन्स नव्हतं. या प्रकरणातली धरून तीन आता झालीत, बाकीच्या दोन्ही ठिकाणी आम्ही स्वतः सोसायटीला पत्र लिहिलं, त्यांनी मागायची वाट बघितली नाही. दोन्हीकडे वारस एकच घरातले होते म्हणून सहा-सात महिन्यांत काम झालं.

वेगळं काय करता आलं असतं

माझी पहिली चूक. बाईंचा फोन आल्यावर मी एकटी गेले, भिंती बघितल्या आणि "काळजी करू नका, कागदाचं पण दोन महिन्यांत करून देऊ" असं सांगून आले. काकांना विचारलं नव्हतं. त्यांना हे सोसायटीच्या पत्रातून कळलं, पत्रात माझ्या शब्दाचा उल्लेख होता. त्यांच्या जागी मी असते तर मलाही कोंडीत पकडल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी पहिल्या बैठकीत जी ताठर भूमिका घेतली तिचा निम्मा भाग मी तयार केला होता. जाऊन बघायला हरकत नव्हती, पण मत द्यायचं नव्हतं आणि शब्द तर मुळीच द्यायचा नव्हता. ज्या घराने इमारत बांधली त्याच घरातल्या आर्किटेक्टने ती सुरक्षित आहे की नाही हे सांगू नये, स्ट्रक्चरल इंजिनियरचं नाव सुचवून परत यावं.

वकिलाचं पत्र जायच्या आधी काकांनी बाईंना एक फोन करायला हवा होता. किंवा बाबांनी. पत्र चुकीचं नव्हतं, ते पहिलं गेलं हे चुकीचं होतं.

बडोद्याच्या वारसाकडे आम्ही फार उशिरा गेलो, तेव्हा पुण्यातल्या इमारतींचे भाव त्याच्या कानावर पोचले होते. आजोबा आणि त्यांचे मित्र दोघं हयात असताना, किंवा अगदी २००७ मध्ये यूएलसी गेल्यावरसुद्धा, हे काम दोन घरांच्या ओळखीवर झालं असतं. आजोबा गेल्यावर काका-बाबांनी बँकेची खाती, घर, शेत सगळं नावावर करून घेतलं, पण भागीदारीचा करार कोणी उघडून बघितला नाही. भागीदार गेला की वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदारी संपते, मग तिच्या नावावरच्या जमिनीला वाली कोण, हा प्रश्न १९९८ मध्येच विचारायला हवा होता.

फर्म वेगळी करणं ही गोष्ट आम्ही भांडणाच्या दिवसांत केली, त्यामुळे काकांना ती शिक्षा वाटली. बाबांची नोंदणी झाली त्याच सुमाराला, सगळं गोडीत चाललेलं असताना ती झाली असती तर कोणाला काही वाटलंही नसतं. आणि ती वही, ती मात्र मी आणखी एका गोष्टीसाठी आधी उघडायला हवी होती. ऑडिट चालू असताना इंजिनियरांच्या हातात ती असती तर काँक्रीटचे नमुने कुठून काढायचे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. नंतर दाखवली तेव्हा त्यांनी त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि म्हणाले, असं रेकॉर्ड पन्नासात एका इमारतीचं मिळत नाही.

आता आमच्या ऑफिसात प्रत्येक इमारतीची फाइल पूर्ण झाली की तिची एक प्रत सोसायटीला देतो, नकाशे, सळईचे तक्ते, काँक्रीटच्या चाचण्या, स्लॅब कुठल्या तारखेला भरला आणि मधे थांबला का, सगळं. चुलतभाऊही त्याच्याकडे हेच करतो, त्याला मी सांगितलं नव्हतं.

चार इमारतींतली चौथी अजून राहिलीय. आठ फ्लॅट, तिथे सोसायटीच नोंदलेली नाही, दोन मालक परदेशात आहेत आणि एका फ्लॅटचा मूळ करारच हरवलाय. काका आता ८० च्या पुढे आहेत, त्या आठही घरांतली मूळ माणसं फक्त त्यांनाच चेहऱ्याने ओळखतात, म्हणून येत्या रविवारी तिथल्या बैठकीला माझ्याबरोबर तेच येणार आहेत.